‘धूम्रपान : नाही’ या नोंदीपाशी तपासणी थांबू नये

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या निमित्ताने आपल्या आरोग्य पुरवणीत फुफ्फुसाच्या कर्करोगावर आलेला लेख वाचला. तंबाखूबद्दल त्यात जे लिहिले आहे, त्यातील एकही ओळ खोडावी असे मला वाटत नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली सिगारेट आणि हा रोग यांचे नाते आकड्यांनिशी मांडले, ते पुढच्या प्रत्येक पाहणीत पक्केच होत गेले, आणि आजही या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर हेच आहे. माझी हरकत आहे ती लेखाखालच्या चौकटीला. कोणी सावध राहावे याची जी यादी तिथे दिली आहे, तिच्यात विडी-सिगारेट ओढणारे आणि पूर्वी ओढत असलेले एवढेच लोक आहेत. ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही अशा वाचकांनी, विशेषतः बायकांनी, ती चौकट पाहून ‘हे काही आपल्यासाठी नाही’ असे म्हणत पान उलटले, तर त्यांना बोल लावता येणार नाही.

मी ग्वाल्हेरमध्ये पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. निदान करणे हे माझे काम नव्हते. आलेला नमुना नोंदवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्याच्या काचा तयार करायच्या, रंगवायच्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या, एवढेच ते काम होते. परंतु नमुन्याबरोबर जो कागद येतो त्यावर वय, लक्षणे, सवयी लिहिलेल्या असतात, आणि असे कागद वर्षानुवर्षे हाताखालून गेले की काही गोष्टी मनात घर करून राहतात. फुफ्फुसाच्या तुकड्यांसोबत येणाऱ्या कागदांवर ‘धूम्रपान : नाही’ ही नोंद मी ज्या संख्येने पाहिली, तिचा अंदाज आपल्या चौकटीवरून कोणालाही येणार नाही.

जगभरातील फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी कधीच धूम्रपान न केलेल्यांचे प्रमाण वेगवेगळ्या अंदाजांनुसार १० ते २५ टक्के आहे. भारतातील मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत ते याहून अधिक, काही ठिकाणी निम्म्याच्या आसपास दिसते. याचा एक भाग साध्या हिशेबाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्या प्रौढ स्त्रियांचे प्रमाण सुमारे २ टक्के आढळले होते. जिथे बायका ओढतच नाहीत, तिथे रोग झालेल्या बहुतेक बायका न ओढणाऱ्याच असणार. पण हिशेब साधा असला तरी रुग्ण खरे आहेत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ८० हजार लोकांना हा रोग नव्याने होतो. त्यातला तिसरा हिस्सा जरी न ओढणाऱ्यांचा धरला, तरी तो आकडा चौकटीबाहेर ठेवण्याइतका लहान नाही.

या लोकांना होणारा कर्करोग बहुधा ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे स्राव करणाऱ्या ग्रंथीसारख्या पेशींपासून होणाऱ्या, प्रकारचा असतो. विडी-सिगारेटशी घट्ट जोडलेले काही प्रकार मोठ्या श्वासनलिकांच्या आसपास, म्हणजे छातीच्या मध्याकडे उगवतात आणि खोकल्यातून रक्त पडणे, धाप लागणे अशी लक्षणे त्यामानाने लवकर दाखवतात. ॲडेनोकार्सिनोमा बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या काठाकडे वाढतो. तिथे तो बराच मोठा होईपर्यंत फारसा त्रास देत नाही, आणि पुष्कळदा पहिली तक्रार फुफ्फुसाची नसतेच. पाठीचे हाड दुखते, मानेत गाठ लागते, डोके सतत ठणकते किंवा छातीत पाणी होते. अशा वेळी ‘ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की विचाराची दिशा तिथेच बदलते.

आपल्या देशात ती बहुतेक वेळा क्षयाकडे वळते. खोकला, बारीक ताप, उतरत चाललेले वजन म्हटले की पहिली शंका क्षयाची यावी, यात गैर काही नाही. जगातील जवळजवळ चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. एक्स-रेवरची सावली दोन्ही रोगांत कधीकधी इतकी सारखी असते की नुसत्या फोटोवरून अनुभवी डोळाही फसतो. अडचण पुढे सुरू होते. थुंकीत जंतू मिळालेले नसतात, सीबीनॅट ही क्षयजंतूंचे जनुक शोधणारी तपासणी निगेटिव्ह आलेली असते किंवा केलेलीच नसते, तरीही औषध सुरू होते. दोन महिने उलटून खोकला हलत नाही, वजन भरत नाही, तरी ‘कोर्स पुरा करा’ एवढेच सांगितले जाते. पासष्ट वर्षांचा विडी ओढणारा माणूस समोर असता तर एव्हाना कोणीतरी सीटी स्कॅन करायला सांगितले असते. पंचेचाळीस वर्षांच्या गृहिणीच्या बाबतीत ते कोणाच्या मनातही येत नाही, आणि मधल्या काळात रोग एका फुफ्फुसातून दुसऱ्यात किंवा हाडांत पोचतो.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचे असेच झाले. लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात त्यांचा सारा संसार झाला. घरात तंबाखू ओढणारे कोणी नाही. उजव्या बाजूला छातीत पाणी झाले म्हणून ते काढून तपासायला दिले गेले. अहवालात एडीए हे विकर (एन्झाइम) किंचित वाढलेले आणि लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त, एवढे आले व क्षयाचे औषध सुरू झाले. हे दोन्ही क्षयात दिसते हे खरे. परंतु कर्करोगामुळे झालेल्या पाण्यातही लिंफोसाइट जास्त असू शकतात आणि एडीए थोडे वर असू शकते. पाणी काढताना माझा पुतण्या जवळ होता. क्षयात सहसा जसे फिकट पिवळे पाणी येते तसे ते नव्हते, तांबूस होते. तांबूस पाणी म्हणजे कर्करोगच असे मुळीच नाही, पण असे पाणी आले की त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्याव्यात, हे प्रयोगशाळेत कामाला लागलेल्या नव्या मुलालाही ठाऊक असते. त्या कागदावर पेशींची तपासणी मागवलेलीच नव्हती. पाणी पुन्हा भरले, दुसऱ्या ठिकाणी काढले गेले, तेव्हा ती तपासणी झाली आणि रोग कळला. तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

रुग्णालयाचे किंवा डॉक्टरांचे नाव मी लिहीत नाही, कारण ही एका डॉक्टरची गोष्ट नाही. रोगाचे नाव समजल्यावर घरी भेटायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण माझ्या मोठ्या दिरांकडे पाहून आवाज उतरवून विचारीत, ‘भाऊ पूर्वी ओढत असतील, नाही?’ जाऊबाई आतून उत्तर देत, ‘अहो, त्यांना उदबत्तीचा धूर सोसत नाही, सिगारेट कुठली!’ आजारी माणसाला आपल्या नवऱ्याची बाजू मांडत बसावे लागावे, याचा मला रोगाइतकाच राग येई.

त्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वेळेवर झाली आणि ती वाचकांना सांगणे हाच या पत्राचा एक हेतू आहे. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात ठरावीक बिघाड असतो, आणि अशा रुग्णांना त्याच बिघाडावर काम करणारी गोळी लागू पडते. २००७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एएलके जनुकातला असाच एक बदल शोधला. हे बदल धूम्रपान न करणाऱ्यांत ओढणाऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतात. भारतातील ॲडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात किंवा त्याहून अधिक लोकांत ईजीएफआरचा बिघाड मिळतो. आशियातील रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे स्पष्ट झाले की बिघाड असेल तर जेफिटिनिबची गोळी नेहमीच्या केमोथेरपीपेक्षा रोगाला जास्त काळ रोखते, आणि बिघाड नसेल तर तीच गोळी केमोथेरपीपेक्षा कमी पडते. म्हणजे आधी तपासणी, मग औषध. पसरलेला रोग या गोळ्यांनी मुळापासून जात नाही, अंगावर पुरळ आणि जुलाब यांचा त्रासही होतो. तरीही जाऊबाई पुढे बराच काळ स्वतःच्या पायांनी देवळात जात होत्या आणि स्वतःच्या हाताने स्वयंपाक करीत होत्या. याच गटातल्या ओसिमर्टिनिब या नव्या गोळीवरचे सीमाशुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले, ही चांगली गोष्ट झाली. मध्यमवर्गीय घराला ती अजूनही जड जाते.

ही तपासणी गाठीच्या तुकड्यावर करतात, आणि इथे माझ्या जुन्या कामाचा संबंध येतो. सुईने काढलेला फुफ्फुसाचा तुकडा शेवयाच्या काडीच्या बोटभर तुकड्याहूनही लहान असतो. तो दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवून धरणाऱ्या द्रावणात, यायला हवा. घाईगर्दीत सलाइनमध्ये टाकून पाठवलेला तुकडा आमच्या हाती येईपर्यंत बिघडायला लागलेला असतो. पुढे तो पॅराफिन मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढून काचेवर चढवतात. एकामागून एक वेगवेगळ्या रंगांसाठी काप काढत गेले की ब्लॉकमधला ऐवज संपतो आणि जनुकीय तपासणीसाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणून बायोप्सीच्या कागदावरच ‘जनुकीय तपासणीसाठी ऊतक राखून ठेवावे’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आमच्याकडचे रुग्ण पुढच्या उपचारासाठी दिल्लीला एम्समध्ये किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात जातात, तेव्हा बरोबर अहवाल आणि फार तर काचा घेऊन जातात, आणि तिथे पोचल्यावर ब्लॉक मागितला की घरच्या कोणाला तरी पुन्हा ग्वाल्हेरची गाडी पकडावी लागते. लेखी अर्ज करून ब्लॉक आधीच मागून घ्यावा. तुकडा उरलाच नसेल तर रक्तावरूनही ही तपासणी करता येते. पण रक्तात बिघाड सापडला नाही म्हणजे गाठीत नाही, असे मात्र धरून चालत नाही.

आता प्रश्न राहतो तो, न ओढता हा रोग का होतो याचा. दुसऱ्याच्या धुराबद्दल आपल्या लेखात एक वाक्य आहे, तेही ओझरते. ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकांनी ९१,५४० न ओढणाऱ्या विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे पाहणी करून १९८१ मध्ये दाखवले की नवरा जितका जास्त ओढतो तितका बायकोला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सिगारेट कंपन्यांनी त्यावर खूप धुरळा उडवला, पण निष्कर्ष टिकला. आपल्याकडच्या त्याच २०१६-१७ च्या पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असे सांगितले होते. २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे. घराच्या ओसरीवर अर्थातच नाही.

स्वयंपाकघराचा धूर हा दुसरा भाग. चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई भागात बायका जवळजवळ ओढत नसतानाही त्यांच्यात या रोगाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गणले जाई, कारण घरात धुराडे नसलेल्या चुलीत धूर करणारा दगडी कोळसा जळत असे. धुराडी बसवल्यावर काही वर्षांनी तिथले प्रमाण स्पष्टपणे खाली आले, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. आमच्या पिढीतल्या बायकांनी कोळशाच्या शेगड्या आणि लाकडावरचे बंब यांच्यापुढे अर्धे आयुष्य काढले आहे, आणि गॅस आल्यानंतरही ग्वाल्हेरच्या थंडीत, पारा चार-पाच अंशांवर उतरला की, दारे-खिडक्या लावून आत शेगडी पेटवण्याची चाल आजही अनेक घरांत आहे. फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर निश्चित कर्करोगकारकांत घातला आहे, लाकूड-गोवऱ्यांचा धूर संभाव्य कारकांत. जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, ॲस्बेस्टॉस, आईवडिलांपैकी कोणाला हा रोग असणे, हीही ठाऊक असलेली कारणे आहेत.

दगडाच्या धुळीबद्दल मात्र ग्वाल्हेरकराने बोललेच पाहिजे. आमचा किल्ला ज्या वालुकाश्मावर उभा आहे त्याच्या खाणी जिल्ह्यात आहेत, आणि तो दगड कापणारे, घडवणारे, त्यावर जाळी कोरणारे पाथरवट पिढ्यानपिढ्या इथे काम करतात. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः सिलिका. तिची बारीक स्फटिकमय धूळ १९९७ पासून निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत आहे. चक्री कटर कोरडा चालवला की पांढऱ्या धुळीत काम करणाऱ्याचा चेहरा दिसेनासा होतो, पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ बरीच खाली बसते. नळीचा खर्च काही शेकड्यांचा असेल. या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या रोगालाही क्षयच समजले जाते, त्यामुळे या लोकांची फसगत दुहेरी होते.

आणि हवा. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील शहरांच्या हवेची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यात पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, कणांच्या वार्षिक सरासरीत इराणमधील झाबोलच्या पाठोपाठ ग्वाल्हेरचा दुसरा क्रमांक होता. आकडा होता घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे आणि संघटनेची २०२१ पासून ५. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली असे सांगतात आणि तो आकडा जुन्या मोजमापांवरचा होता हेही खरे. पण ज्यांनी ती हवा घेतली ते सगळे याच शहरात राहतात, आणि फुफ्फुसाचा कर्करोग वर्षा-दोन वर्षांत होणारा रोग नाही. डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ मध्ये लिऑनच्या संस्थेने निश्चित कर्करोगकारक ठरवली. हे कसे घडते याचा उलगडा लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत चार्ल्स स्वाँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. ज्यांना कर्करोग नव्हता अशा फुफ्फुसाच्या ऊतींपैकी सुमारे १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचा बिघाड असलेल्या तुरळक पेशी आधीपासूनच होत्या. वयाबरोबर अशा पेशी निर्माण होतात आणि एरवी स्वस्थ पडून राहतात. सूक्ष्म कण आत गेले की फुफ्फुस दाह करून त्यांना तोंड देते, इंटरल्यूकिन-१ बीटा हे द्रव्य स्रवते, आणि त्या दाहात या पेशी वाढू लागतात. कणांनी पेशी बिघडवावीच लागते असे नाही, ही त्यातली नवी गोष्ट.

यावरून राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाबद्दल एक गोष्ट लिहाविशी वाटते. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात इंदूर, भोपाळ, उज्जैन यांच्याबरोबर ग्वाल्हेरही आहे. परंतु शहरांचे यशापयश मुख्यतः पीएम १० या जाड्या कणांवर मोजले जाते, आणि म्हणून पैसा रस्ते झाडण्याच्या यंत्रांवर व पाणी फवारणाऱ्या गाड्यांवर जातो. शहरातल्या महाराज बाडा चौकात अशी गाडी फिरली की पाहणाऱ्याला बरे वाटते. फुफ्फुसात खोलवर जाणारा पीएम २.५ कण मात्र मुख्यतः जळण्यातून येतो : डिझेल, कचऱ्याचे ढीग, जनरेटर, भट्ट्या, आणि भात निघाल्यावर जिल्ह्यातल्या डबरा-भितरवारकडच्या शेतांत पेटणारी धसकटे, ज्यांना इकडे पराली म्हणतात. पाणी शिंपडून त्यातले काही विझत नाही.

हे सारे वाचून कोणी सरसकट सीटी स्कॅन करून घेण्यासाठी धावू नये, अशीही माझी विनंती आहे. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी किरणांच्या सीटी स्कॅनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, पण ते सगळे वर्षानुवर्षे भरपूर सिगारेट ओढलेले लोक होते. न ओढणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात हा रोग होऊन गेला आहे, अशांसाठी तैवानने २०२२ पासून सरकारी तपासणी सुरू केली आहे. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण इतक्या लोकांच्या छातीत आहेत की सरसकट स्कॅन केल्यास असंख्य निरुपद्रवी डागांसाठी माणसांना सुया टोचाव्या लागतील. जाहिरातींतल्या ‘फुल बॉडी पॅकेज’वाल्यांना हे कोणी सांगत नाही. ज्याला लक्षणे आहेत आणि ती औषधाने जात नाहीत, त्याचा स्कॅन मात्र ‘तुम्ही तर ओढत नाही’ म्हणून लांबवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. पहिली अशी की, पुढच्या एखाद्या पुरवणीत छातीच्या रोगांचे तज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट अशा दोघांकडून या विषयावर लेख लिहून घ्यावा, आणि त्यात क्षयाचे औषध लागू न पडल्यास दोन महिन्यांनी काय विचारावे, पाण्याची कोणती तपासणी मागावी, ब्लॉक कसा मिळवावा, हे सामान्य वाचकाला कळेल असे यावे. दुसरी अशी की, हवामानाच्या कोष्टकात आपण शहरांचे कमाल-किमान तापमान रोज छापता, तिथे पीएम २.५ चा एक रकाना वाढवावा. मोजणी यंत्रांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज जाहीर करते, त्यामुळे ते मिळवण्यास अडचण नाही. ‘समाधानकारक’, ‘मध्यम’ असे शेरे छापू नयेत. मायक्रोग्रॅममधला आकडा तसाच द्यावा आणि शेजारी ४० व ५ या दोन्ही मर्यादा द्याव्यात.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
लष्कर, ग्वाल्हेर